नदीपल्याडचे खेळाडू : गोव्यातील महाविद्यालयीन क्रीडा आणि पेडणे-डिचोली

गोव्यातील खेळांविषयी आजवर जे लेखन झाले त्यात फुटबॉलचे क्लब, संतोष करंडक आणि मडगाव-वास्को-पणजी या शहरांतील मैदाने यांना मोठी जागा मिळाली आहे. महाविद्यालये आणि विद्यापीठ यांच्या संघांचा उल्लेख त्यात ओघाओघाने येतो. उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली हे तालुके तर त्यात जवळजवळ येतच नाहीत. प्रस्तुत लेखात या दोन तालुक्यांच्या बाजूने गोव्यातील महाविद्यालयीन क्रीडेकडे पाहिले आहे. बाजू बदलली की इतिहासही थोडा वेगळा दिसतो. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संघात जाण्यासाठी खेळ यावा लागे हे खरेच. पण त्याआधी त्याला नदी ओलांडावी लागे, आणि संध्याकाळच्या सरावानंतर ती पुन्हा ओलांडून घरी यावे लागे.

पेडणे तालुका उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये आहे; पश्चिमेला समुद्र आणि वरच्या अंगाला सावंतवाडी. डिचोली तालुका बार्देश आणि सत्तरी यांच्या मधला. साखळीवरून वाहणारी वाळवंटी आणि दक्षिणेकडची मांडवी या त्याच्या नद्या. दोन्ही तालुके आकाराने अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत पेडण्याची लोकसंख्या सुमारे ७६ हजार आणि डिचोलीची सुमारे ९८ हजार होती. पणजी दोन्हीकडून साधारण तीस किलोमीटर. नकाशावर हे अंतर क्षुल्लक वाटते.

दोन काबिजादी, दोन क्रीडापरंपरा

पोर्तुगीज अमदानीत बार्देश, तिसवाडी आणि सासष्टी या जुन्या काबिजादी. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आले आणि नव्या काबिजादींत गणले गेले. हा फरक केवळ महसुलाचा आणि कायद्याचा नव्हता. जुन्या काबिजादींत गावाचे केंद्र चर्च, चर्चला जोडून शाळा आणि शाळेसमोर मोकळे अंगण अशी रचना तयार झाली होती. नव्या काबिजादींत गाव देवळाभोवती आणि मांडाभोवती वसलेले. शिक्षण बहुतांशी मराठी शाळांतून आणि तेही ज्या गावात गुरुजी टिकले तेवढ्यापुरतेच.

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ मध्ये. विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी बार्देशातील शिवोली येथे मुलांना हा खेळ शिकवला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे हडफडे येथील त्यांच्या शाळेतून तो पसरला. शिवोली शापोरा नदीच्या दक्षिण काठावर आहे. समोरच्या काठावरचे चोपडे हे गाव पेडणे तालुक्यात येते. म्हणजे फुटबॉल अगदी पेडण्याच्या उंबरठ्यावर उतरला होता. तरीही नदी ओलांडून तो पलीकडे रुजायला अनेक दशके लागली, कारण तो ज्या वाटेने गोव्यात पसरत होता ती चर्चच्या शाळांची वाट होती आणि पेडण्यात तशी वाट फारशी नव्हती.

याचा अर्थ पेडणे-डिचोलीत खेळ नव्हते असा मुळीच नाही. हुतुतू, खो-खो, लंगडी, लगोरी, विटीदांडू हे खेळ मांडावर आणि कापणीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतांत चालत. यांतील खो-खो आणि हुतुतू या खेळांना विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पुणे, सातारा, बडोदा येथील संस्थांनी नियमबद्ध रूप दिले होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर येथे शिकून आलेल्या किंवा तिकडून येऊन नोकरी करणाऱ्या शिक्षकांमुळे ही नियमावली सीमेअलीकडे पोहोचायला वाव होता. बार्देश-सासष्टीतील मूल खेळायला लागले तेव्हा त्याच्या पायाशी चेंडू होता. पेडणे-डिचोलीतील मुलाला पकड, हुलकावणी आणि दम यांची ओळख आधी झाली. महाविद्यालयीन संघांत पुढे हा फरक उतरला आणि आजही तो पुरता पुसला गेलेला नाही.

पोर्तुगीज काळात महाविद्यालयीन क्रीडा असा स्वतंत्र विषयच गोव्यात नव्हता, कारण आजच्या अर्थाने महाविद्यालयेच नव्हती. पणजीला वैद्यकीय विद्यालय १८४२ पासून होते, लिसेव १८५४ पासून. कला, वाणिज्य, विज्ञान यांच्या पदवीसाठी मुंबई, बेळगाव, धारवाड किंवा पुणे गाठावे लागे. दिलीप सरदेसाई यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ८ ऑगस्ट १९४० रोजी मडगावी जन्मलेले सरदेसाई १९५७ मध्ये मुंबईला गेले, विल्सन महाविद्यालयात शिकले आणि १९५९-६० च्या रोहिंटन बारिया करंडक या आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धेत मुंबई विद्यापीठाकडून त्यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा काढल्या. त्या बळावर ते भारतीय विद्यापीठांच्या संघात आणि तेथून कसोटी संघात पोहोचले. कानपूर येथे इंग्लंडविरुद्ध त्यांचा पहिला कसोटी सामना १ डिसेंबर १९६१ रोजी सुरू झाला. गोवा मुक्त झाला त्याच महिन्याच्या १९ तारखेला. भारताच्या कसोटी संघात खेळणाऱ्या या गोमंतकीयाचे जन्मगाव त्या दिवशी अद्याप पोर्तुगिजांच्या ताब्यात होते! विद्यापीठीय क्रीडा हा खेळाडूच्या आयुष्यातील जिना कसा असतो हे यातून दिसते, आणि तो जिना गोव्याबाहेर होता हेही.

मुंबई विद्यापीठाची तेवीस वर्षे

मुक्तीनंतर पहिल्याच वर्षी, १९६२ मध्ये, पणजीला धेंपे महाविद्यालय आणि मडगावला चौगुले महाविद्यालय सुरू झाले; १९६३ मध्ये म्हापशाला सेंट झेवियर्स. ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. पेडणे आणि डिचोलीच्या विद्यार्थ्यांना म्हापसा सर्वांत जवळचे. त्याच सुमारास पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या. १९६३ ते १९७३ या त्यांच्या कारकिर्दीत शाळेत गेलेली मुले १९७०च्या दशकात महाविद्यालयांच्या दारात येऊन उभी राहिली. पेडणे-डिचोलीतून पदवीपर्यंत पोहोचणारी पहिली मोठी पिढी ती हीच. बांदोडकरांना खेळांची आवड होती. त्यांच्या नावाचा फुटबॉलचा सुवर्ण करंडक १९७० मध्ये सुरू झाला.

मुंबई विद्यापीठ ही क्रीडेतील त्या काळची बलाढ्य संस्था. आंतरविद्यापीठ क्रीडेत सर्वोत्तम कामगिरी करणाऱ्या विद्यापीठाला देण्यासाठी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा करंडक १९५६-५७ मध्ये सुरू झाला. मौलाना आझाद तेव्हा देशाचे शिक्षणमंत्री होते. क्रीडेचा सर्वोच्च विद्यापीठीय सन्मान एका क्रीडापटूच्या नावाने न देता शिक्षणमंत्र्याच्या नावाने दिला गेला, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे; खेळ हा अभ्यासाबाहेरचा विरंगुळा नसून शिक्षणाचेच अंग आहे, असा त्यामागचा आशय. त्या पहिल्या वर्षी हा करंडक मुंबई विद्यापीठाने जिंकला.

मात्र बलाढ्य विद्यापीठाशी संलग्न असण्याची दुसरी बाजूही होती. कबड्डीच्या संघात बारा जण, व्हॉलीबॉलच्या संघात बारा, फुटबॉलच्या संघात अठरा-वीस. या जागांसाठी मुंबई शहर, उपनगरे, ठाणे, कोकण आणि गोवा येथील सगळी महाविद्यालये स्पर्धेत. मुंबईची महाविद्यालये जुनी, त्यांच्याकडे जिमखान्यांची मैदाने, प्रशिक्षक, वर्षानुवर्षांचे सामने. गोव्यातून मुंबई सहाशे किलोमीटरच्या आसपास. बोटीने किंवा बसने जायचे तर एक अख्खा दिवस नाहीतर रात्र. निवड चाचणीसाठी जायचे तर राहण्याची सोय कुणाकडे, खर्च कुणाचा, बुडालेल्या तासिकांचे काय, असे प्रश्न. पणजी-मडगावच्या विद्यार्थ्याला जे अवघड होते ते मांद्रे, कासारवर्णे, मये किंवा पिळगाव येथील विद्यार्थ्याला जवळजवळ अशक्य होते. पहाटे घर सोडून कोलवाळमार्गे म्हापशाला यायचे, दुपारी तासिका संपताच परतायचे. अशा दिनक्रमात सराव बसत नसे.

या काळाचा विचार करताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात संघाचे नाव महाविद्यालयाचे असते, खेळाडूच्या गावाचे नसते. म्हापशाच्या महाविद्यालयाकडून खेळलेला पेडण्याचा मुलगा कागदोपत्री म्हापशाचा खेळाडू ठरतो, पणजीकडून खेळलेली साखळीची मुलगी पणजीची. उत्तरेकडच्या तालुक्यांचा क्रीडा-इतिहास विरळ दिसतो याचे एक कारण हे आहे. तेथे महाविद्यालय नव्हते, म्हणून संघही नव्हता.

खाणींचे मैदान

डिचोली आणि पेडणे यांना एकाच मापाने मोजणे मात्र योग्य होणार नाही. डिचोलीच्या पोटात लोहखनिज होते. १९५०च्या दशकापासून डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात खाणी वाढल्या आणि ज्या कंपन्या त्या चालवत त्यांनीच गोव्याच्या फुटबॉलला आश्रय दिला. साळगावकर, सेझा गोवा, धेंपो ही नावे खाणव्यवसायातली आणि फुटबॉलमधलीही. साळगावकरांचा क्लब १९५६ चा, सेझा गोवाचा १९६५ चा, धेंपोंचा १९६८ चा. चांगला खेळणाऱ्या मुलाला कंपनीत नोकरी आणि संघात जागा अशी ती व्यवस्था. १९८२-८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संयुक्तपणे संतोष करंडक जिंकला आणि १९८३-८४ मध्ये एकही गोल न स्वीकारता एकट्याने जिंकला. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे नाव तेव्हा घरोघरी पोहोचले. कंपन्यांनी उभ्या केलेल्या क्लबांचे हे फळ होते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने ही व्यवस्था दुधारी ठरली. क्लब मुलाला बूट, प्रशिक्षक आणि पगार देई. महाविद्यालय फार तर जर्सी आणि प्रवासखर्च. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळण्यासाठी वयाची अट असते आणि नियमित विद्यार्थी असण्याचीही. जो मुलगा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागला तो खेळाडू म्हणून टिकला, पण विद्यापीठाला मुकला. खाणपट्ट्यात हे विशेषकरून घडण्याजोगे होते, कारण तेथे फुटबॉल न खेळणाऱ्यालाही बारावीनंतर ट्रक, बार्ज आणि यंत्रे यांवर काम मिळे. पदवीचे वर्ग रिकामे करणारी ही ओढ होती. शिक्षणप्रसाराचा इतिहास लिहिताना रोजगाराकडे नेहमी भाग्य म्हणून पाहिले जाते. येथे त्याची थोडी किंमतही मोजावी लागली.

१९९९ मध्ये सेझा कंपनीने फुटबॉल अकादमी सुरू केली आणि तिचे साखळीशी जवळचे नाते राहिले. निवासी प्रशिक्षण आणि शाळा यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न होता. फुटबॉलसाठी बार्देश किंवा सासष्टीत जन्मावे लागते, ही जुनी समजूत डिचोलीत निदान काही प्रमाणात सैल झाली. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या. त्या काही काळाने पुन्हा सुरू झाल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्याने मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. या दोन बंदींनी डिचोली-सत्तरीतील घरांचे उत्पन्न हलवले. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी राष्ट्रीय फुटबॉलच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून आय-लीगमधून माघार घेतली. कारणे वेगळी होती, पण डिचोलीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने परिणाम एकाच दिशेने गेला. क्लबची नोकरी हा पर्याय आकसला आणि पदवी पूर्ण करीत खेळणे याला नव्याने महत्त्व आले.

विद्यापीठ आले, पूल पडला

गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा. प्रत्यक्ष काम १ जून १९८५ पासून सुरू झाले. त्याच हंगामात, १९८५-८६ मध्ये, गोव्याचा संघ रणजी करंडकातही प्रथम खेळला. विद्यापीठ झाल्याने पदव्या पणजीहून मिळू लागल्या हे सर्वांना ठाऊक आहे. क्रीडेच्या बाबतीत त्याहून मोठा बदल झाला, तो अंकगणिताचा. आधी मुंबईच्या बारा जणांत गोव्याचा एखादा बसला तर बसला. आता बाराच्या बारा गोव्याचे. प्रत्येक खेळात पुरुषांचा आणि महिलांचा संघ धरला तर दरवर्षी कित्येक विद्यार्थ्यांना विद्यापीठाचा रंग अंगावर घालण्याची संधी मिळू लागली. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश येथील विद्यापीठांबरोबर पश्चिम विभागात गोव्याचे स्वतःच्या नावाने सामने होऊ लागले. विभागातून वर गेलेले संघच अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. ज्या मुंबई विद्यापीठाच्या छायेत गोवा वाढला ते आता प्रतिस्पर्धी. शेकडो महाविद्यालये असलेल्या मुंबई-पुण्यासमोर साठेक महाविद्यालयांचे विद्यापीठ. जिंकणे अवघड होतेच. पण हरण्यासाठी का होईना, मैदानात उतरणारे आता आपले होते.

यानंतर साधारण वर्षभराने, ५ जुलै १९८६ रोजी, मांडवीवरील पणजीचा पूल कोसळला. १९७०च्या दशकाच्या आरंभी वाहतुकीस खुला झालेला हा पूल म्हणजे उत्तर गोव्याची राजधानीकडे येणारी मुख्य वाट. नवा पूल १९९२ मध्ये झाला. म्हणजे गोवा विद्यापीठाच्या क्रीडेची पहिली सहा-सात वर्षे, जेव्हा संघ प्रथम उभे राहत होते, निवडीच्या पद्धती ठरत होत्या आणि महाविद्यालयांत क्रीडासंस्कृती रुजू पाहत होती, नेमकी त्याच वर्षांत पेडणे, डिचोली आणि बार्देशच्या विद्यार्थ्याला बेती-पणजी फेरीबोटीचा आधार होता. डिचोलीहून उसगाव-फोंड्यावरून वळसा घालणे किंवा नार्वेहून दिवाडी बेटावर आणि तेथून पुन्हा दुसऱ्या फेरीने जुने गोवे गाठणे, हेही मार्ग होते. पण त्यांत दिवस जाई. पावसाळ्यात फेरीला खोळंबा, सकाळी रांग, संध्याकाळी रांग.

निवड शिबिराचे स्वरूप ज्यांना माहीत आहे त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही. शिबिर सकाळी लवकर भरते, संध्याकाळी पुन्हा भरते आणि दोन-तीन आठवडे चालते. पणजीत किंवा ताळगावात राहणारा विद्यार्थी सायकलने येतो. पेडण्याच्या विद्यार्थ्याला पहाटेची बस, बेतीला उतरून फेरी, पलीकडे पुन्हा बस. दोन्ही वेळच्या सरावाला वेळेवर पोहोचायचे तर पणजीत नातेवाईक हवा किंवा खोलीचे भाडे. अनुपस्थितीमुळे नाव वगळले गेले तर तो नियमच होता. प्रशिक्षकाला दोष देता येत नाही. तरीही अशा नियमाने निवडला गेलेला संघ सर्व गोव्याचा संघ म्हणता येतो का, हा प्रश्न उरतोच. मुलींच्या बाबतीत तो अधिक टोकदार होता. संध्याकाळी सहानंतर फेरी ओलांडून दोन बसेस बदलत काळोखात घरी येण्याला किती पालक तयार होतील? खो-खोत चपळ असलेली मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षी खेळते आणि दुसऱ्या वर्षी तिचे नाव यादीत नसते, याची कारणे क्रीडाविभागाच्या नोंदवहीत सापडणारी नाहीत.

साखळी आणि विर्नोडा

१९८०च्या दशकाच्या अखेरीपासून गोवा सरकारने शहरांबाहेर शासकीय महाविद्यालये काढण्याचे धोरण घेतले. डिचोली तालुक्यात साखळीला शासकीय महाविद्यालय झाले, डिचोली शहराजवळ नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय. आणि पेडणे तालुक्यात विर्नोडा येथे शासकीय कला व वाणिज्य महाविद्यालय. विर्नोड्याच्या महाविद्यालयाला पुढे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव देण्यात आले. या महाविद्यालयांचे शैक्षणिक महत्त्व सर्वमान्य आहे. क्रीडेच्या दृष्टीने त्यांनी एक साधी गोष्ट केली: पेडणे आणि साखळी ही नावे प्रथमच संघांची नावे झाली.

संघ झाला की त्यामागे बऱ्याच गोष्टी येतात. शारीरिक शिक्षण संचालकाचे पद येते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे यजमानपद महाविद्यालये वाटून घेतात, त्यामुळे एखादी स्पर्धा आपल्या गावात भरण्याची शक्यता तयार होते आणि म्हापशा-पणजीच्या संघांना कधी तरी उलट्या दिशेने प्रवास करावा लागतो. मुलीला घरापासून दोन-चार किलोमीटरवर सराव करता येतो. नव्या महाविद्यालयाला टर्फ किंवा तरणतलाव परवडत नाही. पण कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांना तो लागतही नाही. या खेळांची जाण गावातून आलेली असते आणि खर्च थोडा. ज्या परंपरेकडे फुटबॉलच्या गोव्याने फारसे लक्ष दिले नव्हते, ती येथे उपयोगी पडते. कबड्डी १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाल्यावर या परंपरेला प्रतिष्ठाही मिळाली.

अडचण मैदानाची आहे, आणि ती अशी की बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. पेडणे-डिचोलीत सपाट जमीन म्हणजे एक तर भातशेत किंवा सडा. सडा हा जांभ्या दगडाचा. त्यावर पडले की गुडघे सोलवटतात आणि धावपटूच्या नडगीला ताण बसतो. भातशेतात मऊ जमीन मिळते, पण ती केव्हा? पावसाळी पीक कापले जाते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि जेथे वायंगण घेतले जात नाही तीच शेते नंतर खेळायला मोकळी होतात. गावातले टेनिसबॉल क्रिकेटचे आणि फुटबॉलचे सामने म्हणूनच जानेवारी ते मे या काळात रंगतात. महाविद्यालयीन हंगाम याच्या बरोबर उलटा. जूनमध्ये वर्ग सुरू, पावसाळ्यात निवड, चतुर्थीची सुट्टी, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि ऑक्टोबरपासून पश्चिम विभागाचे सामने. म्हणजे शेतात भात उभे असताना महाविद्यालयाला मैदान हवे असते, आणि शेत मोकळे होते तेव्हा हंगाम संपत आलेला असतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात बंदिस्त सभागृह ही म्हणून चैन नाही. सत्रपद्धती आल्यापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षाही याच काळात येतात, आणि विद्यार्थ्याला विभागीय सामना आणि पेपर यांत निवड करण्याची वेळ येते. वेगळी परीक्षा घेण्याची सोय असली तरी तिच्यासाठी अर्ज करणारा, पाठपुरावा करणारा शिक्षक लागतो. लहान महाविद्यालयात खेळाडू टिकतो तो बहुधा अशा एखाद्या शिक्षकामुळे.

सुविधा कोठे आल्या

२०१४ च्या जानेवारीत गोव्यात लुसोफोनिया स्पर्धा झाल्या. पोर्तुगीज वारसा असलेल्या देशांच्या या स्पर्धांसाठी जी बांधकामे झाली त्यांत ताळगाव पठारावर विद्यापीठाच्या शेजारी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी बंदिस्त क्रीडागृह आणि बांबोळीचे अॅथलेटिक्स मैदान ही महत्त्वाची. २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३ या काळात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. त्यांत महाराष्ट्र पहिला आला आणि यजमान गोव्याने ९२ पदके मिळवून नववा क्रमांक घेतला. छोट्या राज्याच्या मानाने ही कामगिरी लक्षणीय होती. सामने मुख्यतः पणजी-बांबोळी, मडगाव-फातोर्डे, म्हापसा, फोंडा, वास्को या परिसरात झाले. म्हापशाच्या क्रीडासंकुलाचे नाव पेडे असल्याने परगावच्या लोकांचा ते पेडण्यात आहे असा समज होतो. पेडणेकरांना मात्र तेथे जाण्यासाठी शापोरा ओलांडावीच लागते.

पेडणे तालुक्यासाठी मोठी योजना झालीच नाही असे नाही. धारगळ येथे क्रीडानगरी उभारण्याचा प्रस्ताव २०००च्या दशकात पुढे आला. त्यासाठी लाखो चौरस मीटर जमीन लागणार होती आणि ती ज्यांची होती त्या शेतकऱ्यांनी विरोध केला. या वादात दोन्ही बाजूंना अर्थ होता. तालुक्यातील मुलांना धावायला पट्टा हवा होता, आणि त्याच मुलांच्या घरांना शेत हवे होते. क्रीडानगरी ठरल्याप्रमाणे उभी राहिली नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी त्याच तालुक्यात मोप येथील विमानतळाचेही. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. कधी काळी म्हापशाला पोहोचणे हाच ज्या तालुक्याचा प्रवास होता, तेथून देशातल्या अनेक शहरांत थेट जाता येऊ लागले. अर्थात विद्यापीठाचा संघ विमानाने जात नाही.

संघ जातो तो कोकण रेल्वेने. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग पूर्णपणे खुला झाला. त्याआधी सर्वांत जास्त काळ अडून राहिलेला टप्पा पेडण्याच्या बोगद्याचा होता. तेथील मऊ, पाणी धरणारी माती पुन्हा पुन्हा ढासळत होती. मुंबई, सुरत, वडोदरा, उदयपूर येथे पश्चिम विभागाचे सामने असले की मडगाव, करमळी किंवा थिवी येथून संघ निघतो आणि गाडी बार्देश सोडून शापोरेवरून पेडण्यात शिरते. परतीच्या वाटेवर गोव्याचे पहिले स्थानक पेडणे. विर्नोड्याचा खेळाडू संघात असेल आणि गाडी तेथे थांबणारी असेल, तर तो सगळ्यांच्या आधी घरी पोहोचतो.